जस्टिन मॅकार्थी यांचे चरित्र कसे लिहावे: खासदारकी आणि लेखणी एकाच कागदावर

जस्टिन मॅकार्थी (१८३०–१९१२) आयर्लंडच्या राष्ट्रवादी पक्षाचे नेते होते, आणि त्यांचे इतिहासाचे खंड व कादंबऱ्या इंग्लंड-अमेरिकेत भरपूर वाचल्या जात. त्यांच्यावर लिहायला बसणारा बहुतेक वेळा लेखाचे दोन तुकडे करतो. आधी 'राजकीय कारकीर्द', मग 'साहित्य', शेवटी पुस्तकांची यादी. अशा लेखातून माणूस हाती लागत नाही. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समधल्या सदस्यांना १९११ पर्यंत वेतनच नव्हते. त्या वर्षी ते वर्षाला ४०० पौंड ठरले. मॅकार्थी खासदार होते १८७९ ते १९००. म्हणजे एकवीस वर्षे संसदेकडून वेतनापोटी एक पेनीही नाही. घर चालले ते अग्रलेख, कादंबऱ्या आणि इतिहासाच्या खंडांवर. पक्षाचे काम वाढले की लिहायला वेळ कमी, लेखन थांबले की पैसा कमी. ही ओढाताण ज्या लेखात दिसत नाही, तो अर्धाच लेख आहे.

म्हणून कामाची सुरुवात वाचनापासून न करता एका तक्त्यापासून करा.

तक्ता

आडवा मोठा कागद किंवा संगणकावरची साधी सारणी, जे सोयीचे असेल ते घ्या. पाच रकाने पाडा: वर्ष-महिना, राजकारण, लेखन आणि छपाई, राहण्याचे ठिकाण व पैसा, आणि शेवटचा पुराव्याचा. १८४८ ते १९१२ अशी एका वर्षाला एक ओळ ठेवा. ६५ ओळी होतात. रिकाम्या ओळी पुसू नका. कुठल्या वर्षाबद्दल काहीच सापडलेले नाही, हे त्यामुळेच कळते.

पहिली फेरी ढोबळ तारखांची. १८४८: वयाच्या सतराव्या वर्षी 'कॉर्क एक्झामिनर'मध्ये बातमीदार. पुढच्या दशकात लिव्हरपूलला 'नॉर्दर्न डेली टाइम्स'. १८६० मध्ये लंडनचे 'मॉर्निंग स्टार', १८६४ ते १८६८ त्याच पत्राचे संपादक. मग अमेरिकेचा दौरा आणि व्याख्याने, परतल्यावर 'डेली न्यूज'चे अग्रलेखक. १८७९: लाँगफर्ड परगण्यातून पोटनिवडणुकीत खासदार, आणि त्याच वर्षी 'अ हिस्टरी ऑफ अवर ओन टाइम्स'चे पहिले दोन खंड, पुढचे दोन १८८० मध्ये.

इथेच तक्त्याचा पहिला उपयोग होतो. १८७९ च्या ओळीत खासदारकी आणि पुस्तक शेजारी शेजारी येतात, आणि आधी काय झाले हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुस्तक गाजल्यामुळे जागा मिळाली असे सरसकट लिहिण्याआधी महिने लावून पाहा. पोटनिवडणुकीची तारीख संसदेच्या नोंदीत मिळते. पुस्तकाच्या शीर्षकपानावर मात्र फक्त वर्ष असते. महिना हवा असेल तर त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांतल्या प्रकाशकाच्या जाहिराती आणि पहिली परीक्षणे शोधा. 'नुकतेच प्रसिद्ध' अशा जाहिरातीची सर्वांत जुनी तारीख घ्या. प्रकाशक पुस्तक येण्याच्या आधीपासून जाहिरात देतात, त्यामुळे 'लवकरच येत आहे' छापाच्या जाहिराती बाजूला ठेवा.

आधी माणूस ओळखा

सर्वांत जास्त घोटाळा नावात होतो. मॅकार्थी यांचे चिरंजीव जस्टिन हंटली मॅकार्थी (१८५९–१९३६) हेही खासदार आणि लेखक. १८८४–८५ मध्ये ॲथलोन, १८८५ ते १८९२ न्यूरी. म्हणजे १८८४ ते १८९२ बाप आणि लेक एकाच सभागृहात, एकाच पक्षात, एकाच नावाने बसत होते. 'इफ आय वेअर किंग' हे १९०१ चे गाजलेले नाटक मुलाचे. ते वडिलांच्या नावावर टाकलेले अनेकदा दिसते. यात भर म्हणजे हॅनोव्हर घराण्याच्या चार जॉर्ज राजांच्या इतिहासाचे पहिले दोन खंड एकट्या वडिलांचे आहेत आणि १९०१ मध्ये आलेले शेवटचे दोन दोघांचे मिळून आहेत. तिसरेही एक आहेत: जॉन जॉर्ज मॅकार्थी, १८७४ ते १८८० मॅलोचे खासदार. 'मि. जे. मॅकार्थी' एवढीच नोंद १८७९ किंवा १८८० च्या वादविवादात दिसली, तर ती कोणाची हे मतदारसंघ पाहिल्याशिवाय ठरवू नका.

स्पेलिंगचा प्रश्न वेगळाच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईत 'मॅक'साठी नुसते एम अक्षर आणि वर उलटा स्वल्पविराम लावत. जुनी पाने संगणकाने वाचून तयार केलेल्या शोधयंत्रात हे चिन्ह कधी सी होते, कधी रिकामी जागा, कधी गायबच. एकाच स्पेलिंगने शोधले तर पुष्कळ नोंदी सुटतात. निदान चार रूपांनी शोधा: एम-सी जोडून, एम आणि स्वल्पविराम, पूर्ण 'मॅक' जोडून, आणि पूर्ण 'मॅक' तोडून. त्यानंतरही कमी वाटले तर आडनाव सोडून 'लाँगफर्ड' आणि त्या दिवसाचा विषय टाकून पाहा.

तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे 'वडील', 'मुलगा' किंवा 'अनिश्चित' असे लिहीत चला. अनिश्चित नोंद लेखात घ्यायची नाही.

जन्म, मृत्यू, घर

आयर्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. बिगर-कॅथलिक विवाहांची तेवढी १८४५ पासून. मॅकार्थी जन्मले २२ नोव्हेंबर १८३० ला, कॉर्कमध्ये. त्यामुळे जन्माचा दाखला शोधण्यात वेळ घालवू नका, तो असूच शकत नाही. शोधायची ती कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची वही. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या वह्यांची छायाचित्रे २०१५ पासून फुकट खुली केली आहेत, पण त्या संकेतस्थळावर नावाने शोध होत नाही. पॅरिश (चर्चचा विभाग) आणि महिना ठरवून पाने एकेक करून पाहावी लागतात. नावे लॅटिन रूपात असू शकतात, अक्षर पुसट असते, आणि वहीत तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. दोन्हींत काही दिवसांचा फरक दिसला तर तो विरोध समजू नका.

बाकीची कागदपत्रे आयर्लंडमध्ये शोधण्याची चूक फार जण करतात. मॅकार्थी आयरिश खासदार असले तरी प्रौढ आयुष्य त्यांनी इंग्लंडमध्ये काढले. आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट उपलब्ध केली आहे, पण त्यात ते सापडणार नाहीत. इंग्लंडच्या जनगणनेत पाहा. तिथली १८४१ पासूनची पाने टिकून आहेत. आयर्लंडची १८६१ ते १८९१ ची जनगणना सरकारी आदेशानेच नष्ट झाली आणि त्याआधीची बहुतेक पाने १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराच्या आगीत गेली. म्हणून कॉर्कमधल्या बालपणाबद्दल कागद कमी मिळणार, हे आधीच धरून चाला.

मृत्यू २४ एप्रिल १९१२, केंट परगण्यातील फोकस्टन. म्हणजे नोंद इंग्लंडच्या निबंधकांकडे. तिथल्या जुन्या सूच्या तिमाहीनुसार आहेत: एप्रिलमधला मृत्यू 'जून तिमाही'त सापडतो, आणि फोकस्टन त्या काळी एलम या नोंदणी जिल्ह्यात होते. मृत्युपत्र केले असेल तर त्याची नोंद इंग्लंडच्या प्रोबेट सूचीत, म्हणजे न्यायालयाने मान्य केलेल्या मृत्युपत्रांच्या सूचीत, मिळते. १८५८ पासूनच्या या सूचीत मृताचा पत्ता, तारीख आणि मालमत्तेची रक्कम दिलेली असते. रक्कम ढोबळ मालमत्तेची असते, तिच्यावरून श्रीमंती-गरिबीचे अनुमान जपून काढा.

मतदारसंघ

इथे तीन-चार ओळींत सगळे बसते, पण ते काटेकोर हवे. १८७९ ते १८८५ लाँगफर्ड परगणा. १८८५ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, परगण्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. तेव्हापासून 'उत्तर लाँगफर्ड'. नुसते 'लाँगफर्ड' असे सलग लिहिले तर ते चूक ठरते. १८८६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लंडनडेरी शहरातूनही उभे होते आणि अवघ्या तीन मतांनी हरले. मग निवडणूक याचिका झाली, निकाल फिरला, ते विजयी ठरले. दोन्ही जागा ठेवता येत नव्हत्या. त्यांनी लंडनडेरी, म्हणजे डेरी, घेतली, आणि रिकाम्या झालेल्या उत्तर लाँगफर्डमधून १८८७ मध्ये पक्षातले सहकारी टिमथी हीली आले. १८९२ मध्ये डेरी गेली, ते उत्तर लाँगफर्डला परतले आणि १९०० पर्यंत तिथे राहिले.

या प्रसंगाला दोन वाक्ये जास्त द्या. युनियनवाद्यांना, म्हणजे आयर्लंड ब्रिटनशी जोडलेले ठेवू पाहणाऱ्यांना, जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या शहरात राष्ट्रवादी पक्षाने पुस्तके लिहिणारा, इंग्लंडमध्ये आदर असलेला सौम्य माणूस उभा केला होता, हे पक्षाच्या डावपेचात बसणारे होते. लेखकाची प्रतिष्ठा पक्ष कशी वापरत होता, ते इथे दिसते.

मतदारसंघाचे अधिकृत नाव 'लंडनडेरी सिटी', राष्ट्रवादी मंडळी म्हणत 'डेरी'. पहिल्या उल्लेखात अधिकृत नाव द्या, पुढे एकच रूप ठेवा.

भाषणे कशी उद्धृत करावीत

हॅन्सार्ड म्हणजे संसदेचे शब्दशः इतिवृत्त, असे आज सगळे धरून चालतात. हे १९०९ पासून खरे आहे. त्याआधीचे हॅन्सार्ड बरेचसे वर्तमानपत्रांच्या बातम्यांवरून जुळवलेले असे आणि बहुतेक भाषणे तृतीयपुरुषी सारांशात असत: 'ते म्हणाले की त्यांना वाटते...' मॅकार्थी यांची सगळी खासदारकी या काळात मोडते. म्हणून त्यांच्या भाषणाभोवती अवतरणचिन्हे घालून 'मी' असे लिहू नका. 'अमुक तारखेच्या इतिवृत्तानुसार त्यांचे म्हणणे असे होते' एवढेच लिहा. पुराव्याच्या रकान्यात मालिका, खंड आणि स्तंभ लिहा. हॅन्सार्डमध्ये पानाला नव्हे, स्तंभाला क्रमांक असतो. १८९१ पर्यंतचे खंड तिसऱ्या मालिकेत, १८९२ पासून १९०८ पर्यंतचे चौथ्या. मालिका लिहायची राहिली तर एकाच क्रमांकाचे दोन खंड निघतात आणि पडताळणारा भलत्याच वर्षात जातो.

मतदानाच्या आकड्यांतही असाच फरक दिसतो. १८८६ चे होमरूल विधेयक, म्हणजे आयर्लंडला अंतर्गत कारभारासाठी स्वतःचे विधिमंडळ देणारे विधेयक, कुठे ३४१ विरुद्ध ३११ ने पडल्याचे दिसेल, कुठे ३४३ विरुद्ध ३१३. दोन्ही बरोबर आहेत: प्रत्येक बाजूचे मते मोजणारे दोन सदस्य धरले की दुसरा आकडा येतो. एक पद्धत निवडा आणि लेखभर तीच ठेवा. १८९३ चे दुसरे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले आणि लॉर्ड्स सभागृहाने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. त्या वेळी आयरिश सदस्यांतल्या मोठ्या गटाचे अध्यक्ष मॅकार्थी होते, हे लेखात यायलाच हवे. कित्येक लेखांत १८९० नंतर ते एकदम गायब होतात.

कमिटी रूम १५

चरित्राचा मध्य इथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. नोव्हेंबर १८९० मध्ये कॅप्टन ओशे यांच्या घटस्फोट खटल्याचा निकाल लागला आणि त्यात ओशे यांच्या पत्नीचे प्रियकर म्हणून पक्षनेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांचे नाव आले. पक्षाचा अध्यक्ष दर अधिवेशनाच्या आरंभी निवडला जाई. २५ नोव्हेंबरची बैठक त्यासाठीच होती आणि तीत पार्नेल पुन्हा निवडून आले. पार्नेल नेतेपदी राहिले तर आपल्याला होमरूलची बाजू लढवणे अशक्य होईल, हे लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांचे मत पार्नेल यांच्या कानावर घालण्याचे काम आदल्या दिवशी मॅकार्थींवर आले होते. बैठकीपूर्वी पक्षाला मात्र ते समजले नाही. ग्लॅडस्टन यांनी आपले सहकारी जॉन मॉर्ली यांना लिहिलेले पत्र मग प्रसिद्ध झाले आणि वाद पेटला. १ डिसेंबरपासून संसद भवनातल्या कमिटी रूम १५ या खोलीत पक्षाची बैठक पुन्हा भरली.

हा भाग लिहिताना तारखा एकाखाली एक मांडा: २४ नोव्हेंबर, २५ नोव्हेंबर, १ डिसेंबर, ६ डिसेंबर. कोणाला काय केव्हा माहीत होते, हे प्रत्येक तारखेपुढे लिहा. फेरनिवडीच्या वेळी सदस्यांना ग्लॅडस्टन यांचे पत्र ठाऊक होते असे चुकूनही सूचित झाले, तर पुढचा सगळा प्रसंग उलटा दिसू लागतो आणि सदस्य निव्वळ दलबदलू ठरतात.

६ डिसेंबरचे दृश्य जवळून दाखवा. पार्नेल स्वतःच बैठकीचे अध्यक्ष. विल्यम एब्रहॅम यांना विरोधी ठराव मांडायचा होता, तो अध्यक्ष मांडू देईनात. ठरावाचा कागद मॅकार्थींच्या हाती आला आणि पार्नेल यांनी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. त्यानंतर मॅकार्थी उठले, पुढे चर्चेत अर्थ नाही असे सांगून खोलीबाहेर पडले, आणि बहुसंख्य सदस्य त्यांच्यामागून गेले. मॅकार्थी हे पक्षातले मवाळ, कोणाशी वैर नसलेले गृहस्थ. फुटलेल्या पक्षाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे जाण्याचे हेच मोठे कारण होते. हीली आणि जॉन डिलन यांच्यासारख्या तीव्र मतांच्या माणसांना एकमेकांचे नेतृत्व पटणे कठीण होते. लेखात हे स्पष्ट लिहा. नाही तर वाचकाला हा माणूस अचानक नेता का झाला, हे कळत नाही.

किती जण बाहेर पडले? कुठे ४४ दिसेल, कुठे ४५. मॅकार्थींना धरून की सोडून, एवढाच फरक. पार्नेल यांच्या बाजूच्या आकड्यातही तेच होते. 'मॅकार्थींसह ४५' असे लिहिले की शंका उरत नाही.

वर्तमानपत्रे

त्या काळच्या आयरिश वर्तमानपत्राची बाजू कोणती, हे ठरवल्याशिवाय त्यातले वाक्य उचलू नका. 'फ्रीमन्स जर्नल' फुटीच्या वेळी पार्नेल यांच्या बाजूला होते. १८९१ मध्ये त्याने बाजू बदलली. म्हणजे एकाच पत्रातली जानेवारी आणि डिसेंबरची मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पार्नेलविरोधकांनी मार्च १८९१ मध्ये 'नॅशनल प्रेस' काढले, ते पुढच्या वर्षी 'फ्रीमन्स'मध्ये विलीन झाले. प्रत्येक महत्त्वाच्या घटनेसाठी विरुद्ध बाजूंची दोन आयरिश पत्रे आणि एक लंडनचे पत्र पाहा. तिन्हींत जे जुळते ते घटना म्हणून लिहा, जे जुळत नाही ते त्या पत्राच्या नावानिशी. जुन्या पत्रांचे मोठे संग्रह सशुल्क आहेत; आधी तक्त्यातल्या शंकेच्या तारखा एकत्र करा आणि मगच महिन्याभराची वर्गणी भरा.

पुस्तकांच्या तारखा

मॅकार्थींच्या कादंबऱ्यांपैकी अनेक आधी मासिकांत क्रमशः आल्या, मग पुस्तकरूपात. तेव्हाची नवी कादंबरी सहसा तीन खंडांत निघे, किंमत साडेएकतीस शिलिंग. ती लोक विकत घेण्यापेक्षा वर्गणीच्या ग्रंथालयातून आणून वाचत. नंतर स्वस्त एक-खंडी आवृत्ती. शिवाय अमेरिकेतली आवृत्ती वेगळी, आणि १८९१ पर्यंत अमेरिकेत परदेशी लेखकाला स्वामित्वहक्काचे संरक्षण नव्हते, त्यामुळे तिथल्या प्रती लेखकाला पैसे न देताही छापल्या जात. ग्रंथालयाच्या सूचीत दिसलेले पहिले वर्ष म्हणजे प्रथमावृत्ती असे धरू नका. क्रमशः, तीन-खंडी, स्वस्त आणि अमेरिकी अशा चार तारखांसाठी तक्त्यात जागा ठेवा. सगळ्या भरतीलच असे नाही.

रोझा प्रेड या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या कादंबरीकार बाईंबरोबर त्यांनी संयुक्त लेखन केले. 'द राइट ऑनरेबल' (१८८६) ही संसदेच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी त्यातली पहिली. 'द रेबेल रोझ' १८८८ ची. तीच १८९० मध्ये 'द रायव्हल प्रिन्सेस' या नावाने पुन्हा निघाली. दोन नावे दिसली म्हणून पुस्तके दोन मोजली जातात, तेव्हा संख्या लिहिण्याआधी ताळा करा. सूचीत ही पुस्तके प्रेड यांच्या नावाखालीही शोधावी लागतात.

तक्त्यात १८८६ ची ओळ आता वाचून पाहा: होमरूल विधेयकाचा पराभव, डेरीची निवडणूक आणि याचिका, आणि संसदेवरची कादंबरी. हे तिन्ही एका परिच्छेदात लिहा. कादंबरी पुस्तकांच्या यादीत ढकलली की वाचक त्या वर्षाचे निम्मे चित्र गमावतो.

'अवर ओन टाइम्स' व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १८३७ पासून सुरू होते. १८९७ चा खंड १८८० नंतरच्या काळाचा आहे, आणि त्या काळात लेखक स्वतः सभागृहात होता. हा खंड लेखातल्या राजकीय भागासाठी पुरावा म्हणून वापरताना 'मॅकार्थींच्या मते' हे शब्द सोडू नका. उलट, फुटीबद्दल त्यांनी किती पाने दिली आणि काय गाळले, हे मोजून पाहिले तर त्यांच्या स्वभावाबद्दल बरेच हाती लागते.

आठवणी आणि पत्रे

'रेमिनिसन्सेस' (१८९९) आणि 'द स्टोरी ऑफ ॲन आयरिशमन' (१९०४) ही दोन पुस्तके मोहात पाडतात, कारण वाचायला सुरेख आहेत. पण ती सत्तरीच्या आसपास, दृष्टी अधू झाल्यावरची आहेत. शेवटच्या काळात ते मजकूर तोंडी सांगून लिहून घेत. माणसांची वर्णने, खोल्या, आवाज, ओळखी यासाठी ती घ्या. तारखेसाठी घेऊ नका. तारीख फक्त आठवणीतच मिळत असेल तर 'सुमारे' लिहा.

प्रेड यांना त्यांनी लिहिलेली पत्रे १९१२ मध्ये 'अवर बुक ऑफ मेमरीज' या नावाने आली. फुटीच्या दिवसांतली घालमेल इथे ताजी मिळते, म्हणून आठवणींपेक्षा या पत्रांचे वजन जास्त. मात्र निवड आणि काटछाट प्रेड यांची आहे. छापील पत्रात नाही म्हणजे त्यांनी लिहिलेच नव्हते, असा निष्कर्ष काढू नका.

पैसा

पैशाचा रकाना सर्वांत उशिरा भरतो आणि सर्वांत जास्त उलगडतो. २० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सचा शिलिंग. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि लेखकांचे मानधन बऱ्याचदा गिनीत सांगितलेले असते. आजच्या चलनात रूपांतर करून एकच आकडा देऊ नका. त्यापेक्षा त्या काळच्याच दुसऱ्या रकमेशी तुलना द्या; १९११ चे ४०० पौंड वार्षिक वेतन त्यासाठी चांगले माप आहे.

१८८८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया या प्रदर्शनगृहात भरलेल्या आयरिश प्रदर्शनाची आर्थिक जबाबदारी मॅकार्थींच्या अंगावर आली आणि त्यात त्यांना मोठी खोट बसली. म्हणजे दोन वर्षांनी ते फुटलेल्या पक्षाचे अध्यक्ष झाले तेव्हा आधीच लेखणीवर कर्जाचे ओझे होते. फेब्रुवारी १८९६ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले, डिलन आले. पुढच्याच वर्षी प्रकृती ढासळली, पण पुस्तके थांबली नाहीत. १९०३ मध्ये त्यांना साहित्यसेवेबद्दल सरकारी निवृत्तिवेतन मिळाले, तेही बाल्फर यांच्या पंतप्रधानकीत, म्हणजे होमरूलच्या विरोधकांकडून. या ओळी सलग वाचल्या की म्हातारपणातली पुस्तके का आली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लिहायला बसताना

दीड हजार शब्दांच्या लेखासाठी अंदाजे वाटणी अशी ठेवा: कॉर्क आणि बालपण १००, पत्रकारिता ३००, १८७९ ते १८९० साठी ४००, कमिटी रूम १५ ला ३००, १८९१ ते १९०० ला २५०, शेवटची वर्षे १५०. पुस्तके वेगळ्या भागात न घालता त्या त्या वर्षात गुंफा. शेवटी यादी द्यायची असेल तर फक्त प्रथमावृत्तीचे वर्ष आणि सहलेखकाचे नाव द्या.

पक्षाचे नाव काळानुसार बदला. डिसेंबर १८९० च्या फुटीनंतरचे मॅकार्थी 'आयरिश पक्षाचे अध्यक्ष' नव्हेत, पार्नेलविरोधी गटाचे अध्यक्ष. दोन्ही गट १९०० मध्ये जॉन रेडमंड यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आले, तोवर मॅकार्थी बाजूला झाले होते. 'पंतप्रधान' किंवा 'मंत्री' असा शब्द चुकूनही लावू नका. या पक्षाचे धोरण ब्रिटिश मंत्रिमंडळात पद न घेण्याचे होते.

छायाचित्र लावताना पुन्हा बाप-लेकाचा घोटाळा होतो. पांढरी भरघोस दाढी आणि चष्मा असलेले वडील; मूळ नोंदीत तारीख आणि मतदारसंघ आहे का ते पाहून मगच चित्र वापरा.

हाच तक्ता इतर आयरिश लेखक-राजकारण्यांनाही लागू पडतो, फक्त पुराव्याची ठिकाणे बदलतात. टी. पी. ओकॉनर यांची जागा १८८५ पासून लिव्हरपूलमधली होती, म्हणून निवडणुकीच्या बातम्या आयर्लंडऐवजी तिथल्या पत्रांत शोधा. स्टीफन ग्विन (गॉलवे, १९०६–१९१८) यांच्याबाबतीत १९०९ नंतरची भाषणे शब्दशः उद्धृत करता येतात आणि १९११ पासून वेतनाचा रकाना भरतो. २१ जानेवारी १९१९ नंतर डब्लिनच्या डॉइलमध्ये (आयर्लंडच्या स्वतःच्या विधिमंडळात) बसलेल्या अर्नेस्ट ब्लाइद किंवा डॅरेल फिगिस यांच्यासारख्यांसाठी डॉइलचे इतिवृत्त फुकट खुले आहे. आयरिश क्रांतिकाळासाठी 'ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी'ने १९४७ ते १९५७ दरम्यान घेतलेल्या १,७७३ जबान्या २००३ पासून पाहता येतात. डॉइलच्या इतिवृत्तात शोधताना नावाचे गेलिक (आयरिश भाषेतले) रूप आधी मिळवा. ब्लाइद यांच्यासारख्यांच्या कित्येक नोंदी इंग्रजी स्पेलिंगने शोधल्यास येतच नाहीत.